दूधराज मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी, मग सिंहगडाच्या दरीत दिसतो तो कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात पचमढीला गेलेल्या एका कुटुंबाला तिथल्या गाइडनं लांब शेपटीचा पांढराशुभ्र पक्षी दाखवला आणि "यह हमारा राज्यपक्षी है, दूधराज" असं सांगितलं. तोच पक्षी त्यांनी आधी सिंहगडाच्या दरीत पाहिला होता, फक्त तो तांबूस होता. मग हा मध्य प्रदेशाचा कसा? पांढरा आणि तांबूस या वेगळ्या जाती आहेत का? राज्यपक्षी झाल्यानं त्याला मिळतं काय? आणि नीट बघायचा तर कुठे आणि कधी जावं?

माझं बरंचसं काम सातपुड्यात, सीमेच्या दोन्ही अंगांना, लोकांना पक्षी दाखवण्याचं आणि त्यांच्या नोंदी ठेवण्याचं आहे. त्यामुळे हे प्रश्न मला मराठीत आणि हिंदीत, दोन्हीकडून विचारले जातात. महाराष्ट्रातून आलेल्यांच्या आवाजात "हा तर आमच्याकडेही आहे" अशी थोडी तक्रार असते. तिथूनच सुरुवात करतो.

आपण ज्याला स्वर्गीय नर्तक म्हणतो, तोच हिंदीतला दूधराज किंवा शाह बुलबुल. नावात बुलबुल असला तरी बुलबुलाशी त्याचं नातं नाही. डोक्यावरचा तुरा पाहून लोकांनी तसं म्हटलं एवढंच. पक्षी एकच. मध्य प्रदेशात आहे, महाराष्ट्रात आहे, हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत आहे, आणि पश्चिमेकडे पार अफगाणिस्तानापर्यंत वीण करतो. म्हणजे मालकी सांगायची झालीच तर दावेदार बरेच निघतील.

पण राज्यपक्षी म्हणजे मालकीहक्क नव्हे. आपलंच पाहा ना. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. उंबर-वडाची फळं खात फिरणारी ही हिरवी कबुतरं देशाच्या बहुतेक भागांत दिसतात. आपला राज्यप्राणी शेकरू भीमाशंकरला आहे तसा पचमढीच्या जंगलातही आहे. त्याच कुटुंबानं जरा मान वर केली असती तर तिथे आपला राज्यप्राणीही दिसला असता. नीलपंख ओडिशा, तेलंगण आणि कर्नाटक या तिघांनी वाटून घेतला आहे. मोठा धनेश केरळचाही आणि अरुणाचलाचाही. चिमणी दिल्लीची आणि बिहारची. उलट गोव्यानं निवडलेला, गळ्याशी लालसर-केशरी ठिपका असलेला पिवळा बुलबुल मुख्यतः पश्चिम घाट आणि दक्षिणेतल्या डोंगरांपुरताच. काही राज्यं "फक्त इथेच सापडतं" ते निवडतात, काही "इथे सगळ्यांना ठाऊक आहे" ते निवडतात, आणि काही निव्वळ देखणेपणावर जातात. मध्य प्रदेशानं प्राणी निवडताना पहिला मार्ग धरला. बारशिंगा तसा उत्तर प्रदेशात, आसामातही आहे, पण टणक जमिनीवर राहणारा त्याचा मध्य भारतीय प्रकार कान्हामुळेच वाचला. १९७० मध्ये तिथे अवघे ६६ उरले होते. पक्षी निवडताना मात्र दिसण्यावर गेले, असं माझं मत आहे. आणि मला त्यात गैर वाटत नाही.

राष्ट्रीय पक्षी ठरवतानाही हाच पेच होता. सालिम अलींचा कल माळढोकाकडे होता, कारण त्याला त्या मदतीची गरज होती. १९६३ मध्ये मान मिळाला मोराला, कारण तो सगळ्या देशाला माहीत होता. पुढे राजस्थाननं माळढोकाला, म्हणजे त्यांच्या गोडावणला, राज्यपक्षी केलं. त्या मानानं त्याचं काय भलं झालं ते आपण पाहतोच आहोत. उंच वीजवाहिन्या त्याच्या उडण्याच्या वाटेत आल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश निघाला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा बदलला. आपल्या सोलापुरातल्या नान्नजचे माळही या पक्ष्यासाठीच राखले होते. तिथे आज त्याचं दर्शन हा नशिबाचा भाग आहे. तेव्हा राज्यपक्षी या शब्दातून संरक्षण आपोआप उगवत नाही.

कायद्याचं सांगून टाकतो, कारण याबद्दल गैरसमज फार. राज्यपक्षी ठरवणं हा राज्य सरकारचा निर्णय असतो. त्यानं त्या पक्ष्याला वेगळं कायदेशीर कवच मिळत नाही. कवच आहे ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं, आणि ते स्वर्गीय नर्तकाला सिंहगडावर जेवढं लागू तेवढंच पचमढीत. या कायद्यातली एक गोष्ट मात्र पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी: त्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्याची अंड्यांची नासधूस करणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हेही धरलेलं आहे. बंदूकच लागते असं नाही. फोटोसाठी घरट्यापुढची फांदी तोडणारा माणूस कायद्याच्या नजरेत कुठे उभा राहतो, ते यावरून समजावं.

आता रंगाचं कोडं. पांढरा आणि तांबूस या दोन जाती नाहीत. दोघेही नर असू शकतात, एकाच नाल्यावर असू शकतात. पिल्लू मोठं होताना नर आणि मादी दोघेही तांबूस-विटकरी पाठीचे, पोटाशी पांढरट, डोकं काळं, आखूड शेपटीचे असतात. मादी पुढे जन्मभर तशीच राहते. नराला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेपटीची मधली दोन पिसं वाढू लागतात, आणि ती वाढतात तरी किती, तर अंगापेक्षाही लांब. शरीर वीस-बावीस सेंटिमीटरचं, त्यावर ही पिसं आणखी वीस-चोवीस सेंटिमीटर. वजन मात्र सगळं मिळून वीस ग्रॅमच्या आसपास. या टप्प्यावर नर तांबूसच असतो. पुढे काही नर पांढरे होतात, काही तांबूसच राहतात. पांढरा तेवढा वयस्क आणि तांबूस तेवढा कच्चा, अशी एक जुनी समजूत अजून ऐकू येते. ती धरून चालू नका. लांब शेपटीचा तांबूस नर पूर्ण वाढलेला, जोडी जमवून पिल्लं वाढवणारा असू शकतो. इतकंच काय, आखूड शेपटीचे कोवळे नरही वीण करताना आढळतात.

श्रीलंकेत हे आणखी गमतीदार होतं. तिथला रहिवासी प्रकार कायम तांबूसच राहतो, त्याच्यात पांढरे नर होतच नाहीत. हिवाळ्यात तिथे जे पांढरे दिसतात ते भारतातून गेलेले पाहुणे. सिंहलीत पांढऱ्याला 'कापडचोर' आणि तांबूस असतो त्याला 'आगचोर' अशा अर्थाची नावं आहेत. मागे लांब पांढरं फडकं ओढत झाडीत शिरणारा चोर! इतकं नेमकं वर्णन मला आपल्याकडच्या नावांत सापडत नाही.

म्हणजे सिंहगडावर दिसलेला तांबूस आणि पचमढीत दिसलेला पांढरा यांच्यातला फरक ठिकाणाचा नव्हे. तांबूस दिसला त्याची शेपटी लांब होती की आखूड, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. आखूड असेल तर ती मादीही असू शकते. पूर्ण वाढलेल्या नराचा गळा डोक्यासारखाच चमकदार काळा असतो आणि डोळ्याभोवतीचं निळं कडं ठसठशीत. मादीचा गळा राखाडीकडे झुकतो, तुरा थोडा बेताचा आणि कडं फिकं. कोवळ्या नराबाबत मात्र जाणकारही सावध असतात.

माझी खरी तक्रार इथेच आहे. राज्यपक्षी म्हणून फलकांवर, पाठ्यपुस्तकांत, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत जो छापला जातो तो नेहमी पांढरा नर. मध्य प्रदेशात लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा. राज्यपक्षी दूधराज, राज्यप्राणी बारशिंगा, राज्यवृक्ष वड हे त्याला तोंडपाठ असतं. त्याच मुलाला त्याच्या गावाबाहेरच्या नाल्यावर दूधराजाची मादी दाखवली तर तो म्हणतो, ही कुठली चिडिया? छापलेलं चित्र म्हणजे एका लिंगाचं, एका रंगाचं, वर्षातल्या काही महिन्यांपुरतं रूप. वीण आटोपली की पिसं बदलतात आणि ती लांब शेपटीही झडते, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी 'राज्यपक्षी' नर स्वतःच्या चित्रासारखा दिसत नाही. एखाद्याला लग्नातल्या फोटोवरूनच ओळखायचं ठरवलं तर तो बाजारात भेटल्यावर ओळख लागणार नाही, तसं हे झालं आहे.

आणि हा पक्षी ज्यासाठी डोक्यावर घ्यावा ते त्या चित्रात कुठेच नाही. घरट्याकडे बघा. साधारण माणसाच्या डोक्याच्या उंचीपासून दोन-तीन पुरुष उंचीपर्यंत, लवलवत्या फांदीच्या दुबेळक्यात किंवा टोकाकडे, ओल्या नाल्यावर झुकलेलं. बारीक काड्या, मुळं, गवताचे तंतू घेऊन विणलेला एक छोटा खोलगट पेला, आणि बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं घट्ट लिंपलेला. त्या जाळ्यावर कोळ्यांचे पांढरे अंडकोष चिकटवलेले असतात, त्यामुळे घरटं लांबून दगडफूल चढलेल्या फांदीच्या गाठीसारखं दिसतं. आत गुलाबीसर मलई रंगाची, तांबूस ठिपक्यांची तीन ते पाच अंडी. आणि त्यावर बसलेला नर! हो, अंडी उबवायला नरही बसतो, पांढऱ्या शेपटीसकट. घरट्याच्या काठावरून ती दोन पिसं वीतभर खाली लोंबत असतात, वाऱ्यानं हलतात, आणि बाप शांतपणे चोच वर करून बसलेला असतो. शत्रूच्या नजरेत भरायला यापेक्षा सोपं काही नाही, तरी तो बसतो. पिल्लांना भरवतानाही दोघे असतात.

एवढ्या उघड्या घरट्याला राखण हवीच. बऱ्याचदा ही घरटी कोतवाल पक्ष्याच्या घरट्याच्या आसपास सापडतात. कोतवाल त्याच्या झाडाकडे फिरकणाऱ्या कावळ्याला, टकाचोराला, शिकऱ्यालाही झोडपून काढतो, आणि शेजाऱ्याचं आपोआप भलं होतं. मी नाल्यावर घरटी धुंडाळत नाही. कोतवालाचा गोंगाट ऐकला की त्या बाजूला मान वळवून, लांब थांबून, दुर्बीण लावतो. आणखी एक विचित्र नोंद या पक्ष्याबाबत आहे: चष्मेवाल्या पक्ष्यांनी स्वर्गीय नर्तकाच्या पिल्लांना भरवल्याची. असं का होतं याच्या तर्कात मी शिरत नाही, पण झाडीतलं शेजारपण आपण समजतो त्यापेक्षा गुंतागुंतीचं असतं.

वर्गीकरणाचं दोन वाक्यांत. माशीमार हे नाव त्याच्या कामावरून बरोबर आहे, कारण तो हवेत झेप घेऊन उडते किडे टिपतो. चोच बुडाशी रुंद आणि कडेला राठ केस. पण खऱ्या माशीमारांच्या कुळात तो नाही. तो मोनार्क कुळातला, म्हणजे नात्यानं कोतवाल, नाचरा, खाटीक आणि कावळे यांच्या गोतावळ्यात. १७५८ मध्ये सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनं त्याला चक्क कावळ्यांमध्ये टाकलं होतं. तेव्हा ते अंदाजानं झालं असेल, पण नेम फार चुकला नाही.

राज्याचं प्रतीक म्हणून लांब शेपटीचा माशीटिप्या निवडणारा मध्य प्रदेश एकटा नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमानं १९५१ मध्ये कात्रीसारख्या दुभंगलेल्या लांब शेपटीचा एक पक्षी राज्यपक्षी केला. दिसायला सख्खा भाऊ वाटावा, पण कूळ अगदी वेगळं; लांब शेपटी दोघांनी आपापल्या वाटेनं कमावली. तोही ओक्लाहोमापुरता नाही, टेक्सास-कॅन्ससमध्ये भरपूर आहे आणि हिवाळ्यात मध्य अमेरिकेकडे निघून जातो. डॅलसला राहणाऱ्या मराठी मंडळींनी उन्हाळ्यात कुरणाकडेच्या तारेवर बसलेला तो नक्की पाहिला असेल. टेक्सासनं मात्र १९२७ मध्येच मॉकिंगबर्ड निवडून ठेवला होता. म्हणजे "आमच्याकडेही आहे" ही तक्रार तिकडेही करता आली असती.

ओक्लाहोमाचं मला आवडतं ते असं की त्यांनी प्रतीक रोजच्या हाताळणीत आणलं. २००८ मध्ये राज्यासाठी निघालेल्या पाव डॉलरच्या नाण्यावर तो पक्षी उडताना आहे आणि खाली रानफुलं आहेत. त्यातलं मुख्य फूल म्हणजे आपल्या फुलबाजारात हारासाठी टोपलीनं विकला जाणारा गलांडा! तो मूळचा तिकडचाच. २०१७ मध्ये तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही हा पक्षी आला. शेपटी उघडलेली, झेपेतली आकृती, दोन रेषांत ओळखू यावी अशी. तो पक्षी उघड्यावर, तारेवर, कुंपणावर बसतो, म्हणून नाण्यावरचा आणि रस्त्यावरचा एकमेकांशी जुळतो. आपला दूधराज सावलीतला. तो रस्त्यावरून दिसत नाही, त्याच्याकडे वाकून जावं लागतं. म्हणून त्याचं प्रतीक होणं परीक्षेच्या पुस्तकात अडकून पडलं, असं मला वाटतं.

तरीही या पदवीचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. उपयोग होतो, पण अगदी खालच्या पातळीवर. दूधराजाला वाघासारखं अभयारण्य लागत नाही. त्याला लागतो वाहता किंवा डबकी राखून असलेला नाला, त्यावर वाकलेले जांभूळ, अर्जुन, करंज, जवळपास बांबू किंवा जुनी आमराई, आणि किडे. असे पट्टे राखीव जंगलात सुरक्षित असतात. गावाकडेला आणि शहराच्या सीमेवर मात्र त्यांच्यावर 'सौंदर्यीकरण' येतं. नाला खोल करतात, काठ सिमेंटनं बांधतात, झाडं 'मोकळी' करतात, झुडपं कचरा म्हणून उचलतात. कागदावर एकही मोठं झाड कापलेलं नसतं, पण पक्ष्याच्या दृष्टीनं घर गेलेलं असतं.

एका लहान शहरात असंच काम ऐन मेअखेरीस निघालं होतं. आम्ही काही जणांनी विनंती केली की काठाची छाटणी पावसाळा सरेपर्यंत थांबवा. जैवविविधता, अधिवास वगैरे शब्द असलेला पहिला अर्ज तसाच पडून राहिला. दुसऱ्या अर्जात पहिलंच वाक्य लिहिलं: या नाल्यावर राज्यपक्षी दूधराजाची वीण चालू आहे. सोबत तारखा आणि दुरून घेतलेला एक फोटो. त्या टेबलावरच्या माणसाला तो शब्द परीक्षेच्या दिवसांपासून माहीत होता. फाइल हलली, छाटणी पुढे गेली. काठाचं सिमेंट पुढच्या वर्षी झालंच, हेही सांगायला हवं. पण त्या मोसमातली पिल्लं उडाली.

हिशेब साधा आहे. अंडी उबायला दोन आठवडे किंवा एखाद-दोन दिवस जास्त, पिल्लं उडायला नऊ ते बारा दिवस. घरटं बांधण्याचे दिवस आणि पिल्लं घरट्याबाहेर आल्यावर पंखात बळ येईपर्यंतचे दिवस धरले तर पाच-सहा आठवडे. वीण मुख्यतः मे ते जुलै. जून-जुलैत नाल्याच्या काठाला हात लावायचा नाही, एवढं ठरवलं तरी पुष्कळ साधतं, आणि ते कोणत्याही नगरपालिकेला बिनखर्चाचं आहे. महाराष्ट्रात ही पदवी हाताशी नाही. तिथे अर्जात कायद्याचं कलम आणि घरट्याच्या तारखा घालाव्या लागतील, तेही चालतं, फक्त समोरचा माणूस लगेच "अच्छा, तो!" म्हणत नाही.

आता बघायचं कुठे. पचमढीत ओढ्यांच्या घळी आहेतच. सातपुड्यात मढईकडे, पेंचमध्ये बांबू आणि नदीकाठच्या झाडीत, कान्हात सालवनातल्या नाल्यांवर तो दिसतो. भोपाळात मोठ्या तलावाला लागून असलेलं वन विहार आणि केरव्याकडची झाडी, इंदूरजवळ रालामंडल आणि चोरलचा पट्टा, इतक्या जवळही चालतं. महाराष्ट्रात मेळघाट, आपल्या बाजूचं पेंच, ताडोबातले पाणवठे, आणि उन्हाळ्यात सिंहगडाची दरी. मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तो बहुतेक हिवाळी पाहुणा. हिमालयातून उतरलेले पक्षी दसऱ्याच्या सुमारास येऊ लागतात आणि होळीनंतर परततात. हिवाळ्यात तो गात नाही, एक कर्कश, घशातून ओढल्यासारखा 'च्वे' एवढाच आवाज देतो. तेवढी ओळख पटली तरी पुरे, कारण आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. छोट्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यात तो असतोच. सुभग, गोमेट, चष्मेवाले किडे उठवत पुढे सरकतात आणि हा मागून झेपा घेतो.

उन्हाळ्यात मात्र जिवाला शोधाशोध नको. दुपार कलल्यावर सावलीतल्या एखाद्या डबक्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, झाडाच्या बुंध्याला टेकून बसा आणि हलू नका. आधी बुलबुल आणि सातभाई येऊन दंगा करून जातील. ऊन पाण्यावरून उठलं की हा येतो. आधी पाण्यावरच्या बारीक फांदीवर ताठ बसतो, एकदा इकडे, एकदा तिकडे बघतो. मग सरळ खाली, पाण्याला पोट लागतं न लागतं तोच छपक्कन आवाज आणि पुन्हा फांदीवर. बसल्यावर पिसं फुलवतो, तुरा ओला झाल्यानं डोकं टोकदार दिसतं, आणि लांब पिसं चोचीतून एकेक करून ओढून घेतो. मान पार मागे वळवूनही टोक चोचीत येत नाही, म्हणून ते तसंच सोडून देतो. मग पुन्हा उडी. अशा पाच-सात फेऱ्या सहज होतात. अंधारायला लागलं तरी तो तिथेच असतो, डबक्यावरचा बहुधा शेवटचा गिऱ्हाईक.

फोटो काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, आणि त्या मी जरा कडकपणे सांगतो. आवाजाची टेप लावून नराला बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो खाणं सोडून तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो. आणि घरट्याचा फोटो नकोच. पान आडवं येतं म्हणून बाजूला केलेली एक डहाळी पुन्हा जागेवर बसत नाही, आणि टकाचोराला तेवढी फट पुरते. जून महिन्याच्या उन्हात पिल्लं भाजतात ती वेगळीच. बऱ्याच स्पर्धा आणि पक्षिगट आता घरट्यांचे फोटो घेतच नाहीत, ते चांगलं झालं. पाण्यावरचा फोटो शंभरपट चांगला येतो.

कृत्रिम पाणवठे करून तिकीट लावायचे प्रकार वाढले आहेत. मी सरसकट विरोधात नाही, गावातल्या पोरांना चार पैसे मिळतात. पण डबक्यालगत रांगेनं तंबू ठोकून पन्नास कॅमेरे सकाळपासून रोखले जातात, तेव्हा पक्षी तहानलेला म्हणून येतो, निवांत म्हणून नव्हे. अशा ठिकाणी जायचंच असेल तर माणसांची संख्या आधी विचारा, आणि पाणी वर्षभर भरतात की फक्त मोसमात, तेही विचारा.

नोंद ठेवायची सवय असेल तर ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नुसता 'दिसला' असं न लिहिता काय करताना दिसला तेही भरा: काडी नेताना, किडा चोचीत धरून एकाच दिशेला जाताना, पिल्लांबरोबर. नर तांबूस होता की पांढरा, शेपटी लांब की आखूड, हे शेऱ्यात लिहा. अशा नोंदी हाताशी असल्या की नाल्याच्या अर्जाला तारखा मिळतात, मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही. घरट्याची नेमकी जागा मात्र कुठेच टाकू नका. तालुका आणि तारीख एवढं पुरतं.